खांबावरच्या मुंग्या

"मुंग्या! प्लॅटफॉर्मवर मुंग्या!"

सिराज इतक्या जोरात ओरडला, की हेमाच्या हातातला ब्रश निसटला आणि रुळांवर काळ्या शाईचा भलामोठा ठिपका पडला.

"कुठे?"

"कुठे काय? सगळीकडे! तिकीटघराच्या भिंतीवर, पुलाखाली... एक तर चक्क सिग्नलवर चढलीय!"

बिलकिसबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला, वाकून पाहिलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "सुट्टीची गर्दी असेल. जादा गाडी सोडा."

बिलकिसबाई म्हणजे सिराजची खाला, त्याच्या आईची बहीण. जन्मभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर कसबा पेठेतल्या आपल्या माडीवर एक अख्खं रेल्वे स्टेशन बांधायला घेतलं. वीतभर लांबीचे डबे, काडेपेटीएवढं तिकीटघर, बोगदा, पूल, सगळं! मेच्या सुट्टीत पेठेतली बाकीची मुलं क्रिकेट खेळत होती, तेव्हा बारा वर्षांची हेमा आणि तिचा वर्गमित्र सिराज बाईंच्या माडीवर काँक्रीट रंगवत होते.

हो, काँक्रीटच! आणि ते काम वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या दिवशी दोघांनी पांढऱ्यात काळा मिसळून सगळा फलाट झकास राखाडी रंगवला, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "छान! पाटी छान रंगवलीत. आता काँक्रीट रंगवू या."

मग त्यांनी एकेक युक्ती शिकवली होती. प्लास्टर ऑफ पॅरिसवर बारीक वाळू चिकटवायची. वर फिकट राखाडी रंग, त्यात चिमूटभर तपकिरी. सुकला की पाणीदार शाई फिरवायची आणि लगेच फडक्याने टिपायची, म्हणजे शाई फक्त खाचांत उरते. गंजाला गेरू, धुराला काजळी, शेवाळाला मेंदीची पूड, चुना फुटतो त्या जागी खडूची भुकटी. आणि ओलीच्या जुन्या डागाला कोरा चहा. बिनसाखरेचा!

"शालू!" हेमा गरजली.

शालू म्हणजे हेमाची धाकटी बहीण. ती दाराआड उभी राहून वेणीचं टोक चघळत होती.

"तूच म्हणालीस चहा आण. मी आणला," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून. त्यांनी मला वेलचीसुद्धा जास्त घालून दिली."

"अगं, अमृततुल्यचा चहा म्हणजे साखरेचा पाक! तो कोणी भिंतीला लावतं का?"

"पितात तो चांगला, आणि भिंतीला लावायला वाईट?" शालूने ओठ काढला. सिराज खो खो हसत सुटला. बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते चष्म्याआड लपवलं.

"पुसून काढा सगळं," त्या म्हणाल्या. "आणि रंगवताना मी सांगितलेलं लक्षात ठेवा. डाग आभाळातून पडत नाही. त्याला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून आणि चाललास कुठे? ज्या डागाला उत्तर देता येत नाही तो खोटा."

दुसऱ्या दिवशी हे स्टेशन प्रदर्शनात ठेवायचं होतं. नदीकाठच्या मैदानावर विजयध्वज क्रीडा मंडळाचं सुट्टीतलं शिबिर चालू होतं, त्याचा तो शेवटचा दिवस. शालू त्या शिबिरात लेझीम पथकाची म्होरकी होती. तिला शिबिरात घालायची कल्पना हेमाचीच. घरी राहिली असती तर तिने एकही ब्रश जागेवर राहू दिला नसता!

हेमाच्या वाट्याला आली होती पाण्याची टाकी. स्टेशनाजवळ असते तशी, चार खांबांवर उभी असलेली. नमुना म्हणून तिने मैदानावरचीच जुनी काँक्रीटची टाकी निवडली होती. शालूला सोडायला गेली की ती समोरच्या पायरीवर बसायची आणि टाकी कागदावर उतरवायची. नदीकडच्या खांबावर तर तिचा फार जीव जडला होता, कारण त्याला एक भेग होती. टाकीच्या तळापासून निघून वाकडीतिकडी होत ती भेग माणसाच्या छातीपर्यंत उतरली होती. कडांना पांढरा चुना फुटलेला, मध्ये एका जागी गंजलेली सळई डोकावणारी आणि त्या सळईपासून निघालेला तांबूस ओघळ. डागाला विचारायचीसुद्धा गरज नव्हती, सगळी उत्तरं समोरच होती. हेमाने ती भेग आपल्या इवल्या खांबावर सुईने जशीच्या तशी कोरली होती. आधी उजवीकडे, मग दोनदा डावीकडे, मग सरळ खाली.

"गेरू जरा भडक झालाय का गं?" सिराजने विचारलं.

"मलाही तसंच वाटतंय. चल, खऱ्या खांबाशी ताडून बघू!"

बुटांच्या खोक्यात टाकी ठेवून दोघं मैदानाकडे पळाले.

मैदानावर दुपारची सामसूम होती. कमानीला पताका लागल्या होत्या, एका कोपऱ्यात मंच उभा राहत होता. हेमा खोकं घेऊन खांबापाशी गेली आणि जागच्या जागी थबकली.

"सिराज, भेग कुठे गेली?"

"भेग काय पायांनी चालत जाते? नीट बघ. खांब चुकला असेल."

"चुकला कसा असेल? नदीकडचा हाच तर आहे!"

सिराजने चारही खांबांना फेरी मारली. भेग कुठेच नव्हती. नदीकडचा खांब वरपासून खालपर्यंत जुनाट, काळपट, ओघळलेला दिसत होता. अगदी बाकीच्या तिघांसारखा.

"आपण स्वप्नात चित्र काढलं का?" सिराज पुटपुटला.

हेमाने खोकं खाली ठेवलं. ती खांबाच्या अगदी जवळ गेली. एका जागी गंजाचा ओघळ होता. तो कुठून आला? वर तर लोखंडाचा तुकडाही नव्हता. ओघळ मधूनच सुरू होत होता. बाकीच्या खांबांवर ओतकामाच्या लाकडी फळ्यांचे आडवे ठसे उमटलेले होते. इथे मात्र हातरुंद पट्टा गुळगुळीत होता. आणि त्या पट्ट्यावर...

"सिराज, मुंग्या!"

जमिनीपासून मुंग्यांची एक रांग खांबावर चढत होती. पट्ट्यापाशी पोचली की ती रांग फुटून सगळीकडे पसरत होती. सिराजने एक बोट ओलं केलं, काळपट डागावर फिरवलं आणि सरळ तोंडात घातलं.

"शी! काय करतोस?"

"गोड आहे!" सिराजचे डोळे विस्फारले. "हेमा, अल्लाशपथ सांगतो, वेलचीसुद्धा आहे!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खांबाला कोणीतरी चहा लावला होता! भेग सिमेंटने लिंपली होती आणि ते नवं सिमेंट जुनं दिसावं म्हणून वर डाग रंगवले होते. माडीवर ते दोघं करत होते तेच, फक्त खऱ्याखुऱ्या टाकीवर. आणि चूकही तीच, शालूची!

"ए पोरांनो! हितं काय काम हाय तुमचं?"

मागे कंत्राटदार जयसिंग उभा होता. त्याच्या हातातल्या बादलीत तपकिरी पाणी आणि चुन्याचा कुंचला होता. त्याच्यामागून मंडळाचे चिटणीस संभाजीराव घाम पुसत आले. पांढरा सदरा, खिशाला पेन, चेहऱ्यावर उद्याच्या समारंभाची काळजी.

हेमाने धीर करून विचारलं, "काका, या खांबाला भेग होती ना?"

"होती," संभाजीराव म्हणाले. "आता दिसते का? नाही ना? मग प्रश्न मिटला."

"पण आतली सळई गंजली होती. ती साफ केली का?"

"लई शानी हाईस गं!" जयसिंग म्हणाला. "शिमिट भरलंय. काय बी होत न्हाई."

"मग वर चहा कशाला लावला?" सिराजने विचारलं.

जयसिंगने बादली चटकन मागे घेतली. संभाजीरावांचे कान लाल झाले.

"हे बघा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "उद्या पाहुणे म्हणून वर्तकसाहेब येताहेत. मोठे इंजिनिअर, धरणं बांधलीयत त्यांनी. त्यांना खांबाला ताजं ठिगळ दिसलं तर ते शंभर प्रश्न विचारतील. टाकी भरू देणार नाहीत, आणि टाकी नाही भरली तर त्यांच्या हस्ते पोहायच्या नव्या हौदात पाणी कुठून सोडायचं? समारंभ होऊ दे. मग सावकाश बघू सगळं."

"म्हणजे टाकी पूर्ण भरणार?" हेमाने विचारलं. तिला ठाऊक होतं, टाकी नेहमी अर्धीच भरत. शिबिरातल्या सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

"काठोकाठ! माझ्या वडिलांच्या देखरेखीखाली बांधलेली टाकी आहे ही. इतकी वर्षं उभी आहे ती काय तुम्हाला विचारून?"

"पण काका, लहान मुलं हिच्या खाली बसतात!"

"मग काय उन्हात बसवू? मैदानात सावली इथेच आहे. जा, घरी जाऊन आगगाडी खेळा."

संध्याकाळी बिलकिसबाई स्वतः संभाजीरावांकडे जाऊन आल्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच हेमाला उत्तर कळलं.

"म्हणाले, बाई, तुम्ही चित्रं काढा, टाक्या आम्ही बघतो." त्यांनी चष्मा पुसला. "माणूस वाईट नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे उद्याचा हार आहे, आणि हाराआड त्याला काही दिसत नाही."

"खाला, वर्तकसाहेबांनाच फोन करू या!"

"केला. घरचे म्हणाले, ते परगावी आहेत. सकाळी बसने स्वारगेटला उतरून परस्पर मैदानावर येणार."

"मग आपण त्यांना आधी प्रदर्शनात न्यायचं," हेमा म्हणाली. "टाकी भरायच्या आत! माझ्या खांबावर भेग आहे. ती पाहिली की ते विचारतीलच."

ठरलं! पण हेमा तेवढ्यावर थांबली नाही. घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. "संभाजीराव जबाबदार माणूस आहे, उगीच काहीतरी मनात आणू नकोस, आणि शालूला मुळीच घाबरवू नकोस," बाबा म्हणाले. "उद्या शालूला घरीच ठेवू या," असं म्हणून पाहिलं तर आई उखडली. "पोर इतके दिवस राबलीय आणि आता घरी ठेवू?" शालू तर तोवर झोपलीसुद्धा होती. उशाशी लेझीम घेऊन.

सकाळी स्टेशन हातगाडीवर चढवून तिघं मैदानाच्या फाटकाशी पोचले, आणि हेमाने कान टवकारले. घर्रर्र असा आवाज येत होता.

"मोटार! बाई, मोटार चालू आहे!"

संभाजीरावांनी वेळ वाचवला होता. टाकी पहाटेपासूनच भरत होती! सिराज पंपाच्या खोलीकडे धावला आणि हात हलवत परत आला. खोलीला कुलूप होतं. किल्ली जयसिंगकडे, आणि जयसिंगचा कुठेच पत्ता नव्हता.

वर्तकसाहेब उशिरा पोचले. उंच, वाळकुडे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. रिक्षातून उतरतात न उतरतात तोच संभाजीरावांनी त्यांच्या दंडाला धरलं. "प्रदर्शन नंतर, साहेब! आधी मंचावर!" इवली टाकी हातात घेऊन उभी असलेली हेमा हाक मारेपर्यंत साहेबांच्या गळ्यात हारही पडला. ठरवलेलं सगळं मुसळ केरात!

संभाजीरावांचं भाषण सुरू झालं. मंचाच्या उजव्या हाताला टाकी, टाकीखाली सतरंज्या, सतरंज्यांवर शिबिरातली सगळी चिल्लीपिल्ली. सगळ्यांत पुढे, नदीकडच्या खांबाला जवळजवळ टेकून, शालूचं लेझीम पथक बसलं होतं. डोक्याला फेटा बांधलेली शालू ताठ मानेने समोर बघत होती.

हेमाची नजर खांबावर गेली.

टाकीच्या तळाशी एक ओली रेघ उमटली होती. दोऱ्याएवढी. ती हळूहळू खाली सरकत होती. आधी उजवीकडे वळली. मग डावीकडे. मग पुन्हा डावीकडे...

ती रेघ हेमाला पाठ होती. सुईने कोरली होती तिने! लिंपलेल्या सिमेंटखालून भेग पुन्हा बाहेर येत होती.

"बाई!" तिने बाईंचा हात ओढला. "बाई, ती उघडतेय!"

बिलकिसबाईंनी एकदाच वर पाहिलं. "ओरडायचं नाही," त्या पटकन म्हणाल्या. "ओरडलो तर पोरं घाबरून तिथेच चेंगरतील. हसतखेळत उठवा त्यांना. टाकी दे माझ्याकडे, मी मंचावर जाते."

"हसतखेळत?" हेमा जवळजवळ रडकुंडीला आली होती. "भाषण चालू असताना कोण उठेल?"

सिराजने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे कडुनिंबाखाली गोळेवाल्या भैरूची गाडी उभी होती. मंडळाने त्याला मुद्दाम बोलावलं होतं. समारंभ संपला की भैरू घंटा वाजवणार आणि शिबिरातल्या प्रत्येक मुलाला बर्फाचा गोळा मिळणार, हे सकाळपासून सगळ्यांना पाठ झालं होतं.

"हेमा, घंटा!" एवढंच म्हणून सिराज सुसाट सुटला.

हेमा टाकीकडे पळाली. मागून संभाजीरावांचा आवाज येतच होता. "...आमच्या या मंडळाची मजबूत परंपरा, या टाकीसारखीच भक्कम..."

ठण् ठण् ठण् ठण्!

मग सिराजचा आवाज आला, "गोळाऽऽ! पहिला येईल त्याला डबल सरबत!"

आणि काय सांगावं! सतरंज्यांवरून एकच लाट उठली. "गोळा! गोळा! कालाखट्टा माझा!" चपला राहिल्या, टोप्या राहिल्या, आणि अख्खं शिबिर कडुनिंबाकडे धावत सुटलं. "अरे थांबा! बसा खाली! कोणी वाजवली घंटा?" संभाजीराव माईकमधून ओरडत होते, पण बर्फाच्या गोळ्यापुढे माईकचं काय चालणार?

फक्त एक रांग जागची हलली नाही. लेझीम पथक!

"शालू, ऊठ! चला सगळ्या इथून!"

"नाही," शालू म्हणाली. "काकांनी सांगितलंय, लेझीम होईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. मी म्होरकी आहे. गोळ्यासाठी पथक पळालं तर काय म्हणतील लोक?"

"शालू, ऐक माझं!"

"तू नेहमीच मला पळवतेस!"

खांबातून कट् असा बारीक आवाज आला. धरून ओढावं तर शालू एकटी येईल, बाकीच्या तशाच राहतील! काय सांगू हिला? कसं पटवू? आणि तिला एकदम सुचलं.

"शालू, मागे बघ. खांबावर मुंग्या!"

शालूने मान वळवली. मुंग्यांची रांग बघितली, रांग कुठे जाते ते बघितलं. मग तिचे डोळे वर वर चढत गेले.

"खांबाला चहा?" ती हळूच म्हणाली. "साखरेचा? म्हणजे हा डाग खोटा... ताई, इथली भेग कुठे गेली?"

"त्या डागाखालीच आहे. आणि टाकी काठोकाठ भरलीय."

शालूला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती ताडकन उठली आणि तिने लेझीम डोक्यावर धरली. "पथक, उभं राहा! मागे वळ! पळत चलऽऽ!"

छुम् छुम् छुम् छुम् करत सगळ्या जणी कडुनिंबाकडे निघाल्या. सगळ्यांत शेवटी हेमा.

तिकडे मंचावर बिलकिसबाई चढल्या होत्या. या गोंधळात त्यांना अडवायला कोणी रिकामं नव्हतं. त्यांनी इवलीशी टाकी वर्तकसाहेबांच्या हातात ठेवली.

"मुलांकडून भेट, साहेब."

"वा!" साहेबांनी टाकी फिरवून पाहिली. "काय काँक्रीट केलंय! आणि ही भेग! गंज, चुना, सगळं जिथल्या तिथे. कोणाची कल्पना ही?"

"हो हो, मुलांची कल्पना!" संभाजीराव घाईघाईने हसले. "कलाकार मंडळी, काहीही काढतात."

"माझ्या विद्यार्थिनीला कल्पनेतलं चित्र जमत नाही हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी फार प्रयत्न केला. ती आपली समोर आहे तेवढंच काढते."

वर्तकसाहेबांचं हसू मावळलं. त्यांनी हातातल्या टाकीकडे पाहिलं, मग समोरच्या खऱ्या टाकीकडे. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"मोटार बंद करा," ते म्हणाले. आणि मग, एवढा म्हातारा माणूस इतक्या मोठ्याने ओरडू शकेल असं कोणाला वाटलं नसतं, "मोटार बंद करा! आत्ता!"

त्याच क्षणी खांबाची खपली सुटली. वरपासून छातीच्या उंचीपर्यंतचं सगळं लिंपण एका तुकड्यात निघालं आणि धाड्कन खाली सतरंजीवर आपटलं. त्याच्यामागे काँक्रीटची ढेकळं, आणि मग पाण्याची चिळकांडी. धूळ बसली तेव्हा खांबाच्या पोटातून वाकलेल्या, गंजून बारीक झालेल्या सळया बाहेर आलेल्या दिसल्या. जिथे मघाशी लेझीम पथक बसलं होतं, तिथे सतरंजी फाटली होती, आणि तिच्यावर कोणाचीतरी एक लाल चप्पल उलटी पडली होती.

"ताई," शालू हेमाच्या हाताला घट्ट धरून म्हणाली, "ती माझी आहे."

हेमाने तिला जवळ ओढलं आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं.

त्यानंतर सगळी सूत्रं वर्तकसाहेबांनी हातात घेतली. मैदानाची ती बाजू दोर लावून बंद झाली, जयसिंगला शोधून आणून त्याच्याकडून पंपाची खोली उघडवून मोटार बंद केली, आणि टाकीचं पाणी नदीकडच्या नळाने हळूहळू सोडून दिलं. टाकी रिकामी झाल्याचं कळलं तेव्हाच लोकांनी मोकळा श्वास घेतला. समारंभ झालाच नाही. कोणाला त्याची आठवणही राहिली नाही.

"घंटा कोणी वाजवली?" साहेबांनी विचारलं.

सिराज कावराबावरा होऊन पुढे आला. साहेबांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की तो दोन पावलं पुढेच गेला. "शाबास! मी आयुष्यभर बांधकामांवर धोक्याचे भोंगे वाजवले, पण असा भोंगा सुचला नाही! आणि खांब रंगवलाय हे तुम्हाला कळलं कसं?"

"मुंग्यांमुळे," हेमा म्हणाली. "हीच चूक आम्हीही केली होती."

"आम्ही नाही, मी!" शालू ठसक्यात म्हणाली. "चहा मी आणला होता!"

"मग पहिला मान तुझा," साहेब गंभीरपणे म्हणाले, आणि त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून शालूच्या गळ्यात घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला.

"माझ्या तासाला तिघांपैकी एकालाही इतकं लक्ष देताना मी पाहिलं नव्हतं," बिलकिसबाई म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळच झालं!

दुपारी ऊन कलल्यावर प्रदर्शनाच्या खोलीत मुलांची ही झुंबड उडाली. गाडी बोगद्यातून बाहेर आली की टाळ्या पडत होत्या. गर्दी ओसरत आली तेव्हा संभाजीराव आत आले. सदरा मळलेला, खिशाचं पेन गळून पडलेलं. टाकीसमोर जाऊन वाकले आणि बराच वेळ त्या सुईच्या रेघेकडे बघत राहिले.

"माझी नातही होती त्या सतरंजीवर," ते शेवटी म्हणाले. "मी रोज बघत होतो ही भेग. पण खरंच... एवढी मोठी होती?"

हेमाला त्यांचा राग आला होता, फार आला होता. पण आता तो कुठे गेला कोण जाणे.

"प्रमाणात काढलीय, काका," ती हळूच म्हणाली. "खरी याच्या कितीतरी पट मोठी होती."

संभाजीरावांनी मान डोलावली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"बाई, खांब आता नवा बांधणार आहेत," ते गेल्यावर हेमाने विचारलं. "आपणही आपली भेग बुजवायची का?"

"मुळीच नाही," बिलकिसबाई म्हणाल्या. "आपल्या स्टेशनावर ती दिसू दे. आणि सिराज, चहा सांग सगळ्यांना. आज अमृततुल्यचा, भरपूर साखरेचा."

"मी आणते!" शालू हार सावरत उठली. "पण प्यायलाच हं!"